हेगची खुर्ची आणि बियाण्याची पिशवी

कुलभूषण जाधव यांची फाशी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 17 जुलै 2019 रोजी रोखून धरली आणि पाकिस्तानला फेरविचार करायला सांगितला, तेव्हा आपल्याकडे जयजयकार झाला तो भारताचे वकील हरीश साळवे यांचा आणि त्यांच्या एक रुपया फीचा. निकाल वाचणारे अध्यक्ष सोमालियाचे अब्दुलकवी युसूफ होते, हे फारसे कोणाच्या ध्यानात राहिले नाही. त्याच युसूफ यांच्या रिकाम्या झालेल्या जागेवर नोव्हेंबर 2025 मध्ये केनियाच्या प्रा. फीबी ओकोवा निवडून आल्या.

ओकोवाबाईंची पहिली पदवी घरची, नैरोबी विद्यापीठाची. मग ऑक्सफर्डची डॉक्टरेट आणि लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठात अध्यापन. संयुक्त राष्ट्रांच्या विधी आयोगावर 2021 साली निवडून गेलेल्या त्या पहिल्या आफ्रिकी महिला. 34 जणांचा हा आयोग 1947 चा. त्यावर पहिल्या दोन स्त्रिया निवडून यायला 2001 उजाडले. तेव्हा मागासलेपणाचा शिक्का एकट्या मराठवाड्यावर मारू नये.

जालन्याचा याच्याशी काय संबंध? पेरणीच्या तोंडावर इथल्या कुठल्याही कृषी सेवा केंद्रात जाऊन पाहा. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये महिको ही बियाणे कंपनी उभी केली आणि हे गाव बियाण्यांचे झाले. पिशवीतल्या वाणावर कंपनीचा हक्क किती, शेतकऱ्याचा किती, हे 2001 चा वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा ठरवतो. घरचे बियाणे राखा, पेरा, शेजाऱ्याला द्या, विकासुद्धा. फक्त संरक्षित वाण ब्रँडच्या नावाने विकू नका. हा कायदा दिल्लीला आपणहून सुचलेला नाही. वाणांना पेटंट द्या, नाहीतर संरक्षणाची स्वतःची व्यवस्था करा, असे जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स कराराने बजावले, म्हणून तो आला.

बियाण्याच्या पिशवीपर्यंत पोहोचलेला हा आंतरराष्ट्रीय कायदा एलएलबीला सक्तीचा आहे. आमची मुले-मुली तो गाइडवर उरकतात. पुढे सनद, नाहीतर न्यायाधीशपदाची परीक्षा. मुलगी असेल तर त्याआधी लग्न. साठेक किलोमीटरवर, छत्रपती संभाजीनगरला, 2017 पासून राष्ट्रीय विधी विद्यापीठ आहे. त्याची प्रवेश परीक्षा कधी असते, हे अंबड-घनसावंगीच्या किती घरांत ठाऊक असेल?

बियाण्यांवर मोठ्या झालेल्या इथल्या कंपन्यांनी दरवर्षी जिल्ह्यातल्या एका मुलीच्या आंतरराष्ट्रीय कायद्यातल्या एलएलएमचा खर्च उचलावा. शिकून आल्यावर ती शेतकऱ्याचे वकीलपत्र घेऊन त्यांच्याच विरोधात उभी राहील, एवढी जोखीम मात्र त्यांना पत्करावी लागेल.