निष्ठेचे सोंग आणि पायांचा बाजार

कोलकात्याच्या फुटबॉलमध्ये एका क्लबाचा सदरा उतरवून दुसऱ्याचा चढवणाऱ्या खेळाडूला एकच शिवी ठरलेली आहे: ‘गद्दार’. क्लबांचे पदाधिकारी ती खाजगीत उच्चारतात, प्रेक्षागारातून ती उघडपणे दिली जाते आणि क्रीडापृष्ठांवर तिलाच ‘निष्ठेचा ऱ्हास’ असे सभ्य नाव देऊन हळहळ व्यक्त होते. पूर्वीचे खेळाडू क्लबासाठी जीव टाकत, आजचे पैशामागे धावतात, असा हा विलाप आहे. त्याची चिकित्सा करणे अगत्याचे आहे, कारण त्यात धनिकांचा एक जुनाच डाव लपलेला आहे. जो दुसऱ्याच्या श्रमावर नफा किंवा प्रतिष्ठा मिळवतो, तोच श्रम करणाऱ्याकडे निष्ठेची मागणी करतो.

वस्तुस्थिती काय आहे? मोहन बागान (१८८९), मोहमेडन स्पोर्टिंग (१८९१) आणि ईस्ट बंगाल (१९२०) या तीन क्लबांभोवती बंगालचे फुटबॉल फिरते. १९५८ मध्ये ईस्टर्न रेल्वेने कलकत्ता लीग जिंकली. त्यानंतर या तिघांबाहेरच्या संघाला ती जिंकायला २०१९ साल उजाडावे लागले. त्या वर्षी पीअरलेसने ती जिंकली. मधली साठ वर्षे तिघांची मक्तेदारी होती. परंतु लीग तीन संघांची नसते. आर्यन, जॉर्ज टेलिग्राफ, खिदिरपूर, राजस्थान, टॉलीगंज अग्रगामी असे कितीतरी क्लब तिच्यात उतरतात आणि हुगळी, नदिया, चोवीस परगण्यांतून आलेली पोरे त्यांच्याकडून खेळतात. त्यांतला एखादा मोठ्या क्लबाच्या नजरेत भरतो, दोन हंगाम चमकतो, गुडघा दुखावला की पुन्हा लहान क्लबात परततो. तिथून आणखी कुठे तरी. हीच बहुसंख्य फुटबॉलपटूंची कारकीर्द. निष्ठेचा उपदेश ज्याला ऐकवला जातो, तो हाच फिरता कारागीर आहे.

आता पूर्वीच्या सोन्यासारख्या काळाविषयी. चुनी गोस्वामी १९५४ पासून १९६८ पर्यंत मोहन बागानचेच राहिले, हे खरे आणि आदरणीयही. पी. के. बॅनर्जी यांनी मोठ्या क्लबांकडे पाठ फिरवून ईस्टर्न रेल्वेतच कारकीर्द काढली. पण रेल्वे म्हणजे नोकरी होती, दरमहा वेतन होते, निवृत्तिवेतन होते. त्या पिढीतल्या खेळाडूंची निष्ठा ज्या पायावर उभी होती तो पाया रेल्वे, बँका, पोर्ट, कस्टम्स आणि अन्न महामंडळ अशा सार्वजनिक आस्थापनांनी घातलेला होता. कागदोपत्री खेळाडू ‘हौशी’ होता; पोट कचेरीच्या पगारावर भरे आणि क्लबाकडून काही मिळालेच तर ते पाकिटातून, पावतीविना. ही व्यवस्था दांभिक होती यात शंका नाही. तथापि पाय मोडला तरी तिच्यात चूल विझत नसे. मराठी वाचकाला हे वेगळे सांगायला नको. मुंबईच्या गिरण्यांनी, बँकांनी आणि रेल्वेने कबड्डी-खोखोच्या खेळाडूंना हजेरीपटावर घेतले होते, त्यामागचा हिशेबही याच जातीचा होता.

त्या काळातही क्लबांचे पदाधिकारी खेळाडूला माणूस मानत होते, असे समजण्याचे कारण नाही. दरवर्षी ठरावीक दिवसांत सुटारकिन स्ट्रीटवरील इंडियन फुटबॉल असोसिएशनच्या कचेरीत पक्षबदलाची नोंद होई. बंगालीत त्याला ‘दलबदल’ म्हणतात. आपल्याकडे हा शब्द आमदारांसाठी राखीव आहे. त्या दिवसांच्या आधी नामांकित खेळाडूंना हॉटेलांत, नातलगांकडे, क्लबाच्या पुरस्कर्त्यांच्या घरांत दडवून ठेवले जाई, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला त्यांचा सुगावा लागू नये. १९८५ मध्ये कृशानू डे आणि विकास पांजी ही जोडी मोहन बागानकडून ईस्ट बंगालकडे गेली. अशा पळवापळवीच्या कहाण्या कोलकात्यात आजही चवीने सांगितल्या जातात. पुढे ‘टोकन’ आले. नोंदणीला लागणारे हे टोकन पदाधिकारी खेळाडूकडून आधीच काढून घेत आणि आपल्या कपाटात ठेवीत. ज्याच्या कपाटात टोकन, त्याच्या ताब्यात खेळाडू. वेठबिगाराचा अंगठा सावकाराच्या वहीत असतो, तसाच हा प्रकार. कृशानू डे २००३ मध्ये वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी गेले, तेव्हा दोन्ही क्लबांच्या चाहत्यांनी अश्रू ढाळले. ते अश्रू खरे होते. कोलकात्याच्या सामान्य प्रेक्षकाचे प्रेम खोटे आहे असे कुणी म्हणू नये. फाळणीने उखडलेल्या लाखो निर्वासितांनी ईस्ट बंगालच्या लाल-पिवळ्या रंगात हरवलेले घर पाहिले. १९११ मध्ये ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ ने हरवणाऱ्या मोहन बागानच्या अनवाणी संघात एका पारतंत्र्यातील देशाने स्वतःला पाहिले. हे प्रेम कष्टकऱ्यांचे आहे. त्याचा व्यापार करणारे मात्र कष्टकरी नाहीत.

१९८० साली एक वेगळी गोष्ट घडली. ईस्ट बंगालच्या पदाधिकाऱ्यांशी खटके उडाल्यावर सुरजित सेनगुप्ता आणि त्यांचे अनेक सहकारी एकट्यादुकट्याने नव्हे, गटाने बाहेर पडले आणि मोहमेडन स्पोर्टिंगकडे गेले. क्लबाच्या दृष्टीने हा विश्वासघात होता. कामगार चळवळीच्या दृष्टीने ते काय होते? मालकाशी एकेकट्याने वाटाघाट करण्याऐवजी सर्वांनी मिळून पाऊल उचलणे, यालाच आपण एरवी संघटित कृती म्हणतो. दुर्दैव असे की या कृतीमागे संघटना नव्हती. पुढच्याच वर्षी सेनगुप्ता मोहन बागानमध्ये गेले आणि प्रत्येक जण पुन्हा आपापल्या करारापुरता उरला. ट्रामकामगारांपासून फेरीवाल्यांपर्यंत सर्वांच्या युनियन ज्या शहरात होत्या, त्या शहरात मैदानावर घाम गाळणाऱ्याची युनियन कुणालाही सुचली नाही. डाव्या आघाडीच्या काळात १९८४ मध्ये सॉल्ट लेकचे अवाढव्य स्टेडियम उभे राहिले. त्यात खेळणाऱ्याच्या सेवाशर्तींचा प्रश्न मात्र बाहेरच राहिला, हेही प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. भारतातील फुटबॉलपटूंची संघटना २००६ मध्ये, बायचुंग भुतिया यांच्या अध्यक्षतेखाली स्थापन झाली. इंग्लंडच्या खेळाडूंनी आपली युनियन १९०७ मध्ये बांधली होती, आणि आठवड्याला वीस पौंडांची जुलमी वेतनमर्यादा त्यांनी १९६१ मध्ये संपाची धमकी देऊन मोडून काढली. बेल्जियममधील लिएज या क्लबाचा जाँ-मार्क बॉस्मन हा काही मोठा तारा नव्हता, फिरता कारागीरच होता. करार संपल्यावरही क्लब आपल्याला अडकवून ठेवतो, याविरुद्ध तो न्यायालयात गेला आणि १९९५ मध्ये युरोपीय न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. लाभ पुढच्या पिढीतल्या ताऱ्यांना झाला. बॉस्मन स्वतः हलाखीत गेला.

१९९६ मध्ये राष्ट्रीय लीग सुरू झाली आणि ‘व्यावसायिक युगा’चा डंका पिटला गेला. खेळाडू आता स्वतंत्र झाला म्हणे. मार्क्सने मजुराच्या दुहेरी स्वातंत्र्याचे वर्णन केले आहे: श्रमशक्ती विकायला तो मोकळा, आणि विकण्याजोगे दुसरे काहीच नसल्यामुळे सर्व आधारांपासूनही मोकळा. हे मैदानावर अक्षरशः घडले. कचेरीची नोकरी सुटली, हाती उरला हंगामापुरता करार. पहिल्या राष्ट्रीय लीगचा विजेता जेसीटी २०११ मध्ये बंद पडला. मुंबईच्या महिंद्र युनायटेडने २००६ मध्ये लीग जिंकली आणि २०१० मध्ये मालकाने संघच गुंडाळला. कारखान्याला टाळे लागले तर निदान फाटकावर सभा होते. फुटबॉलच्या संघाला तर फाटकही नसते.

बाजाराचे नागडे रूप पाहायचे तर २०१२ चा जानेवारी आठवावा. कोलकात्यात एका नियोजित लीगसाठी चक्क माणसांचा लिलाव झाला. अर्जेंटिनाचा एर्नान क्रेस्पो ८,४०,००० डॉलरला बारासातच्या नावावर ‘विकला’ गेला. विश्वविजेत्या इटलीचा कर्णधार कान्नावारो आणि फ्रान्सचा पिरेस हेही लिलावात होते. सहा शहरांचे संघ कागदावर ठरले, छायाचित्रे झळकली आणि लीगचा एकही सामना झाला नाही. बारासातच्या पोरांना क्रेस्पो दिसला तो वर्तमानपत्रातच. २०१५ मध्ये मुंबईत पुन्हा लिलाव झाला, या वेळी भारतीय खेळाडूंचा. सुनील छेत्रीची बोली १ कोटी २० लाखांवर थांबली. टीकाकार लगेच विचारतील की कोटींचा मालक मजूर कसा? छेत्री एक आहे. त्या एकाच्या आकड्याच्या सावलीत शेकडो खेळाडूंची थकलेली बिले झाकली जातात. वरच्या थरातले आकडे दाखवून खालच्या थरातली मजुरी दडवणे, ही भांडवली वृत्तपत्रांची जुनी हातचलाखी आहे.

खालचा थर कसा जगतो, हे सांगणारा एक शब्द बंगालीत आहे: ‘खेप’. मराठीत हमालाची खेप असते, बैलगाडीची असते. बंगालमध्ये फुटबॉलपटूचीही असते. जिल्ह्यांतल्या एखाद्या गावी स्पर्धा भरते, आयोजक रोख रकमेवर शहरातले खेळाडू उभे करतात, खेळाडू लोकल पकडून जातो, खडबडीत मैदानावर परक्या नावाच्या संघासाठी खेळतो आणि रात्रीच्या गाडीने परततो. क्लबांना हे मान्य नसते, कारण त्यांचा ‘माल’ खराब होतो. मात्र ज्या महिन्यांत क्लबाची पगारवही उघडत नाही, त्या महिन्यांत घर कसे चालावे, याचे उत्तर क्लबाकडे नसते. खेपेत घोटा मोडला तर उपचाराचा खर्च कुणाचा, हे विचारण्याची सोयही नाही.

जीवच गेला तर? ब्राझीलचा क्रिस्तियानो ज्युनियर २००३-०४ च्या हंगामात ईस्ट बंगालकडून खेळला आणि राष्ट्रीय लीगचा विजेता ठरला. पुढच्या हंगामात तो गोव्याच्या डेम्पोकडे गेला. फिरत्या खेळाडूचा तोच क्रम. ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळुरूत फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यात मोहन बागानविरुद्ध दुसरा गोल करताना गोलरक्षकाशी टक्कर होऊन तो कोसळला आणि मरण पावला. डेम्पोने त्याचा दहा क्रमांकाचा सदरा कायमचा निवृत्त केला. ९ डिसेंबर २०१२ रोजी सॉल्ट लेकमध्ये मोहन बागान-ईस्ट बंगाल सामना चालू असताना प्रेक्षागारातून आलेला दगड सैयद रहीम नबीच्या चेहऱ्यावर बसला. वर्षानुवर्षे ईस्ट बंगालसाठी राबून तो आता मोहन बागानकडे होता. बचाव, मध्य, आक्रमण, जिथे उभा कराल तिथे खेळणारा. त्या वर्षीचा देशातला सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. मोहन बागानचा संघ उत्तरार्धात उतरला नाही, म्हणून क्लबावर बंदी आली आणि काही आठवड्यांतच दोन कोटींच्या दंडावर ती उठली. सारा वाद बंदी, दंड आणि गुणांचा झाला. मैदानावरचा माणूस सुरक्षित राहण्याची जबाबदारी कुणाची, हा प्रश्न त्या गदारोळात बाजूला पडला.

निष्ठेचा उपदेश करणाऱ्यांनी स्वतः काय केले तेही पाहावे. ईस्ट बंगालमध्ये २०१८ साली गुंतवणूकदार कंपनी आली, २०२० मध्ये गेली. जाताना त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये, महामारीच्या ऐन कडाक्यात, ‘अपरिहार्य परिस्थिती’चे कलम पुढे करून खेळाडूंचे करार १ मेपासून संपुष्टात आल्याचे कळवण्यात आले. खेळाडूंच्या संघटनेने निषेध केला, थकबाकीच्या तक्रारी महासंघाकडे गेल्या, आणि कोस्टारिकाच्या जॉनी अकोस्ताच्या देण्यापायी फिफाने क्लबावर नवी नोंदणी करण्यास बंदी घातली. त्यानंतर एक सिमेंट कंपनी आली, तीही गेली. २०२२ मध्ये तिसरी आली. मोहन बागानची मालकी २०२० मध्ये ऐंशी टक्क्यांनी एका उद्योगसमूहाकडे गेली आणि शतकभराच्या नावापुढे तीन अक्षरे चिकटवली गेली. चाहत्यांनी रस्त्यावर उतरून ती २०२३ मध्ये काढायला लावली. तीन वर्षांत तीन मालक बदलणाऱ्याला ‘गुंतवणूकदार’ म्हणायचे आणि तीन सदरे बदलणाऱ्याला ‘गद्दार’? कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशासाठी खेळला आणि बाविसाव्या वर्षापर्यंत जमशेदपूर, हैदराबाद आणि ईस्ट बंगाल असे तीन सदरे त्याने घातले. त्यात बेइमानी कोणती?

२०२५ च्या जुलैमध्ये व्यापारी हक्कांच्या करारावर तोडगा निघेना, म्हणून देशातील सर्वोच्च लीग स्थगित झाली. ऑगस्टमध्ये बंगळुरूच्या क्लबाने पहिल्या संघाचे वेतन बेमुदत थांबवले, ओडिशाच्या क्लबाने करारच स्थगित केले. खेळाडू सरावाला तयार होते. काम बंद मालकांनी पाडले. औद्योगिक भाषेत याला टाळेबंदी म्हणतात.

तेव्हा मागण्या या भाषेतच मांडल्या पाहिजेत. संघाची नोंदणी करताना क्लबाने पूर्ण हंगामाच्या वेतनाइतकी रक्कम महासंघाकडे अनामत ठेवावी. करारातील दुखापतीचा खर्च आणि सक्तीच्या विश्रांतीतील पगार क्लबावर कायद्याने बंधनकारक असावा. खेळाडूच्या संघटनेला मान्यता देऊन महासंघाच्या तक्रार-समितीत तिचे प्रतिनिधी बसवावेत. कामगार कायद्यांच्या कक्षेत फुटबॉलपटूचे स्पष्ट नाव यावे, म्हणजे भविष्यनिर्वाह निधी आणि विमा ही क्लबाच्या मर्जीची बाब राहणार नाही. आणि हे सारे वरच्या लीगपुरते न राहता कलकत्ता लीगच्या सर्वात खालच्या विभागातल्या, रात्रीच्या लोकलने खेप करून परतणाऱ्या खेळाडूपर्यंत पोहोचले पाहिजे.