गेमिंग पीसी नको, गेम घडवणारा पीसी घ्या



बारावीचे आणि डिप्लोमाचे निकाल लागले, शिष्यवृत्तीचा हप्ता खात्यात पडला, की आम्हाला एक प्रश्न हमखास येतो : “दादा, गेमिंग लॅपटॉप कोणता घेऊ? गेम डेव्हलपमेंटपण शिकायचंय.” यातले दुसरे वाक्य बऱ्याचदा घरच्यांचे मन वळवण्यासाठी असते, हे आम्हालाही कळते. तरी आमचे म्हणणे असे की ते दुसरे वाक्यच खरे धरावे आणि खरेदी त्या हिशोबाने करावी. गेम बनवण्यासाठी नीट निवडलेल्या मशीनवर गेम खेळता येतातच. फक्त खेळण्यासाठी, जाहिरात बघून घेतलेले मशीन मात्र बनवायला बसले की सहा महिन्यांत धापा टाकू लागते.

आधी चळवळीतल्या ज्येष्ठांशी दोन शब्द. “पोरं गेममध्ये वाया गेली” हे वाक्य आपल्या सभांमध्ये फार ऐकू येते. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांबद्दल ते असेल तर आम्ही त्यांच्याबरोबर आहोत. तो जुगारच होता आणि २०२५ च्या कायद्याने त्यावर बंदी आली ते बरेच झाले. पण संगणकावरचा गेम म्हणजे सरसकट व्यसन, हे आम्हाला मान्य नाही. काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले, या १९४५ च्या ग्रंथात बाबासाहेबांनी गांधींच्या यंत्रविरोधाचा समाचार घेतला आहे. यंत्रामुळे माणसाला फुरसत मिळते आणि फुरसतीशिवाय संस्कृती घडत नाही. दोष यंत्राचा नाही, ते कोणाच्या फायद्यासाठी चालते त्या समाजव्यवस्थेचा आहे, असा तो युक्तिवाद. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या वाट्याला फुरसत आलीच नाही, त्यांच्या मुलाने तासभर खेळावे यात लाज कसली? प्रश्न एवढाच की तो आयुष्यभर दुसऱ्याने बनवलेलेच खेळणार का.

आणि बनवणारे काही फार लांब नाहीत. ‘राजी’ हा २०२० साली आलेला गेम पुण्यात बनला. त्यात देव आहेत, असुर आहेत, दुर्गेचा वरदहस्त असलेली नायिका आहे. ‘इंडस’ पुण्याचाच. ‘लुडो किंग’ नवी मुंबईचा. म्हणजे आपल्या बसच्या टप्प्यात हा उद्योग उभा आहे. त्यांनी पुराणकथा घेतल्या याबद्दल आमची तक्रार नाही, ज्याला जे जवळचे ते तो घेणार. आपल्या जवळचे कोण घेणार, हा आमचा सवाल आहे.

इथे लगेच कोणी म्हणेल, मग चवदार तळ्याचा गेम बनवू. आम्ही जरा थांबायला सांगू. महापुरुषाचा पुतळा पडद्यावर इकडून तिकडे पळवला म्हणजे आंबेडकरी गेम झाला, असे नाही. ‘पेपर्स, प्लीज’ नावाचा २०१३ चा गेम जरूर बघा. लुकास पोप या एका माणसाने तो जवळजवळ एकट्याने बनवला. खेळणारा असतो सरहद्दीवरचा कारकून. कागद तपासायचे, शिक्का मारायचा, माणूस आत घ्यायचा की परत पाठवायचा ते ठरवायचे, आणि संध्याकाळी त्याच पगारात घर चालवायचे. व्यवस्था माणसाकडून क्रूरपणा कसा करवून घेते ते खिडकीच्या आतून कळते. आता हीच खिडकी जात पडताळणी समितीच्या कार्यालयात आहे अशी कल्पना करा. आजोबांचा शाळेचा दाखला नाही, १९५० पूर्वीचा पुरावा आणा, प्रवेशाची मुदत उद्या संपते. हा गेम पुण्यातल्या कुठल्याही स्टुडिओला सुचणार नाही. तो ज्याच्या घरात त्या फायली पाहिल्या आहेत त्यालाच सुचेल. आणि असा गेम बनवायला लाखाचे मशीन लागत नाही.

आता मशीनकडे येऊ. खेळणे आणि बनवणे यांच्या गरजा नेमक्या कुठे वेगळ्या होतात हे समजले की दुकानदार फसवू शकत नाही. खेळताना समोर तयार ताट असते. संगणकाने ते फक्त वाढायचे. बनवताना चूल, भांडी, भाजी सगळे एकदम मांडलेले असते. एका वेळी इंजिनचा एडिटर उघडा, त्याच्या आत गेम चालू, शेजारी ब्लेंडर, चित्राचे सॉफ्टवेअर आणि ब्राउझरमध्ये शिकवणीचा व्हिडिओ. म्हणून पहिला पैसा रॅमवर घाला. खेळायला १६ जीबीत बहुतेक भागते, बनवायला १६ ही सुरुवात आहे आणि अनरिअल इंजिन ५ ला हात घालायचा असेल तर ३२ धराच. एआयच्या डेटा सेंटरांमुळे रॅम महागली आहे हे खरे. तेव्हा आज १६ ची एकच पट्टी घ्या आणि दुसरा खाचा रिकामा ठेवा. एका पट्टीवर खेळताना वेग थोडा कमी मिळेल, तो पुढच्या वर्षी दुसरी पट्टी टाकली की भरून येईल.

प्रोसेसरमध्ये गंमत आहे. एएमडीचा रायझन ७ ५८००एक्स३डी गेम खेळणाऱ्यांचा लाडका. त्यात ९६ एमबीची मोठी एल३ कॅश आहे आणि गेमला ती मानवते. पण कोड कंपाइल करणे, शेडर तयार करणे, प्रकाश बेक करणे ही कामे सगळ्या कोअरना जुंपतात. तिथे त्या कॅशचा उपयोग फारसा नाही. त्याच आठ कोअरचा साधा ५७००एक्स बनवणाऱ्याला पुरतो, आणि हात फारच आखडता असेल तर सहा कोअरचा रायझन ५ ५६०० सुद्धा चालतो. वाचलेला पैसा ग्राफिक्स कार्डाकडे वळवा.

आणि कार्ड घेताना यूट्यूबवरचे एफपीएसचे तक्ते बाजूला ठेवा. आरटीएक्स ४०६० हे नवे कार्ड, खेळायला ३०६० पेक्षा वेगवान, वीजही कमी खाते. ११५ वॅट विरुद्ध १७० वॅट. पण त्यावर मेमरी ८ जीबी आहे आणि जुन्या ३०६० च्या मूळ आवृत्तीवर १२. ब्लेंडरमध्ये सीन कार्डाच्या मेमरीत मावला नाही तर रेंडर रखडतो किंवा बंदच पडतो. तिथे वेग कामाला येत नाही, जागा येते. त्यामुळे सेकंडहँड मिळणारे १२ जीबीचे ३०६० आमच्या मते आजही बनवणाऱ्यासाठी चांगला सौदा आहे. ३०६० नावाने ८ जीबीचेही कार्ड निघाले आहे, तेवढे पाहून घ्या. इंटेलचे आर्क बी५८० वरही १२ जीबी आहे. फक्त ब्लेंडरचे काम जास्त असेल तर एनव्हिडियाचे कार्ड सरस ठरते, हे ध्यानात ठेवावे. एसएसडी एक टीबीची एनव्हीएमई. त्याहून कमी घेतली तर वर्षभर फायली पुसत बसाल. रंगीबेरंगी दिवे, काचेचा कॅबिनेट, १४४ हर्ट्‌झचा मॉनिटर यांना शेवटी विचारा. त्यापेक्षा जुना का होईना, दुसरा मॉनिटर लावा. एका पडद्यावर कोड आणि दुसऱ्यावर गेम, ही सोय ज्याने अनुभवली तो परत एका पडद्यावर जात नाही.

लॅपटॉप की डेस्कटॉप? हॉस्टेलवर राहणाऱ्याला लॅपटॉपला पर्याय नाही हे कबूल. पण घरी राहणाऱ्याने साठ-सत्तर हजारांचा गेमिंग लॅपटॉप हप्त्यावर घ्यावा, हे आम्हाला पटत नाही. लॅपटॉपमधल्या कार्डाचे नाव डेस्कटॉपमधल्यासारखेच असते, ताकद मात्र कंपनीने त्याला किती वॅट दिले त्यावर ठरते, आणि ते खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेले नसते. शिवाय विदर्भ-मराठवाड्याच्या मे महिन्यात पत्र्याखाली बसून तो चालवून बघा. तापला की आपोआप वेग कमी करतो. डेस्कटॉपचा एक भाग बिघडला तर एक भाग बदलतो. लॅपटॉपचा बोर्ड गेला की हप्ते उरतात.

ज्याच्याकडे वीस हजारच आहेत त्याने निराश होऊ नये. कंपन्यांच्या कार्यालयांतून निघालेले डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी एलाइटडेस्क, लेनोव्हो थिंकसेंटर हे संगणक लॅमिंग्टन रोडवर आणि बहुतेक मोठ्या शहरांच्या बाजारात रिफर्बिश्ड म्हणून मिळतात. घेताना टॉवर आकाराचाच घ्या. छोट्या डब्यात मोठे कार्ड बसत नाही आणि त्याचा वीजपुरवठाही कंपनीचा वेगळाच असतो. अशा मशीनवर गोडो इंजिन वेगळ्या ग्राफिक्स कार्डाशिवायही चालते. जुने कार्ड घेताना मात्र ते समोर अर्धा तास पूर्ण भारावर चालवून दाखवायला सांगा. २०२२ साली इथेरियमचे मायनिंग थांबल्यावर दिवसरात्र राबवलेली कार्डे बाजारात आली, त्यातली अजून फिरत आहेत.

आणि एक गोष्ट कोणत्याही रिव्ह्यूत नसते : अर्थिंग. वस्तीतल्या कितीतरी घरांत तिसऱ्या पिनेला वायरच नसते. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात आणि एक दिवस बोर्ड जळतो. चांगल्या कंपनीचा एसएमपीएस, एक यूपीएस आणि वायरमनकडून अर्थिंग, हा खर्च दिव्यांच्या आधी.

कमकुवत मशीनचा एक फायदाही सांगून टाकतो. आपला गेम ज्यांनी खेळावा असे आपल्याला वाटते त्यांच्याकडे स्वस्तातले अँड्रॉइड फोन आहेत. दोन लाखांच्या मशीनवर बनवणाऱ्याला आपला गेम तिथे अडखळतो हे फार उशिरा कळते. तेव्हा नवा पीसी आला तरी घरातला जुना फोन फेकू नका. रोजची चाचणी त्यावर घ्या.

मशीन आपले झाले तरी इंजिन कोणाचे, हेही पाहिले पाहिजे. सप्टेंबर २०२३ मध्ये युनिटी कंपनीने अचानक जाहीर केले की ठराविक मर्यादेपुढे गेमच्या प्रत्येक इन्स्टॉलमागे शुल्क द्यावे लागेल. जगभरातले डेव्हलपर खवळले, वर्षभराने कंपनीने ते मागे घेतले. मागे घेतले म्हणून विसरायचे नाही. १९२० साली ‘मूकनायक’ निघाला तेव्हा त्याची पैसे देऊन जाहिरातसुद्धा ‘केसरी’ने छापली नाही. दुसऱ्याच्या छापखान्यावर आपला शब्द अवलंबून ठेवला की काय होते हे आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही. म्हणून तर पुढे ‘भारतभूषण’ हा आपला छापखाना उभा राहिला. गोडो आणि ब्लेंडर फुकट आहेत, त्यांचा सोर्स कोड खुला आहे, आणि उद्या कोणी मालक उठून भाडे मागू शकत नाही. नवशिक्यांनी तिथूनच सुरुवात करावी, असा आमचा आग्रह आहे.

शेवटचा मुद्दा पैशाचा. एका वस्तीत पाच पोरांनी पाच लॅपटॉप हप्त्यावर घेण्यापेक्षा विहारात किंवा समाजमंदिरात एक चांगले मशीन का बसवू नये? जयंतीच्या वर्गणीत एका रात्रीच्या साउंड सिस्टिमला जे भाडे जाते, त्यातला काही हिस्सा बाजूला काढला तर दोन वर्षांत ते उभे राहते. आम्ही जयंतीच्या जल्लोषाविरुद्ध नाही. तो रस्ताही आपण झगडून मिळवला आहे. महात्मा फुले महामंडळाची बीजभांडवल योजनाही आहे. तिच्यासाठी किराणा दुकान, रिक्षा, शिलाई मशीन यांचे प्रकल्प अहवाल वर्षानुवर्षे लिहिले जातात. तसा एक अहवाल गेम आणि ॲनिमेशनच्या छोट्या युनिटचा लिहून बघा. बँकेचा माणूस पहिल्यांदा हसेल, तेव्हा अहवालाला एक चालता गेम जोडा.

मशीन आले की भांडण किल्लीवरून होईल, हे आम्ही आजच सांगतो. किल्ली अध्यक्षाच्या मुलाकडे राहिली तर संध्याकाळी सात ते अकरा फक्त ‘व्हॅलोरंट’ चालेल. म्हणून भिंतीवर वेळापत्रक लावा : बनवणाऱ्यांचे तास आधी, खेळणाऱ्यांचे नंतर. आणि मुलींचे तास दिवसाउजेडी, ठरलेले, कोणालाही उधार न देता. गेमिंग कॅफेत तिला कोणी जाऊ देत नाही, घरातल्या लॅपटॉपवर भावाचा पहिला हक्क असतो. विहारातल्या खुर्चीवर तिच्या नावाचे दोन तास नसतील, तर वर्गणी मागायला तिच्या दारात जाऊ नका.