नालासाठी घोडा

रिची स्ट्रीटवर पहिला प्रश्न ठरलेला असतो: 'पळसा, पुदुसा?' जुनं हवंय की नवं? माझ्या तोडक्यामोडक्या तमिळला एवढं झेपतं. पुढचं बोलणं 'डीडीआर थ्री', 'आठ जीबी', 'वॉरंटी इल्ले' या भाषेत होतं. शेवटचा शब्द सोडला तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरही हीच भाषा चालते.

अण्णा सालईला लागून, चिंताद्रिपेटच्या बाजूला ही गल्ली आहे. चेन्नईकर तिच्यात शेजारची नरसिंगपुरम स्ट्रीटही धरतात. कधीकाळी इथे रेडिओचे सुटे भाग मिळायचे. आता दिल्लीच्या नेहरू प्लेसनंतर देशातला मोठा इलेक्ट्रॉनिक्स बाजार म्हणून हिचंच नाव घेतात. गल्ली अरुंद, वर तारांचं जाळं, आणि दुकानं एवढीशी की मालक आत बसला की गिऱ्हाईक रस्त्यावरच उभं. रविवारी मात्र बहुतेक शटर खाली असतात. मी पहिल्यांदा गेलो तो रविवारच होता.

गेलो होतो घरच्या असेंबल केलेल्या कॉम्प्युटरसाठी. २०१४ साली घेतलेला, चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह, चार जीबी रॅम, एक टीबीची हार्ड डिस्क. डिसेंबर २०१५ च्या पुरात पाणी उंबऱ्यापर्यंत आलं तेव्हा घरातून सगळ्यात आधी उचलून माळ्यावर ठेवलेली वस्तू हीच. त्यामुळे जीव थोडा जास्तच. पण अलीकडे सकाळी बटण दाबायचं, फिल्टर कॉफी करायची, पिऊन पेला विसळायचा, तरी पडद्यावर गोल फिरतोच आहे, अशी अवस्था झाली होती. 'सीपीयू बदलून टाका,' असं घरातून फर्मान निघालं. आपण सगळेच त्या अख्ख्या खोक्याला सीपीयू म्हणतो. खरा सीपीयू आत पंख्याखाली असतो, काड्यापेटीपेक्षाही लहान, आणि बहुतेक वेळा त्या बिचाऱ्याचा काही दोष नसतो.

दोष असतो हार्ड डिस्कचा. तिची तबकडी मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला साधारण ८.३ मिलिसेकंद. हवी ती फाइल सुईखाली यायला सरासरी अर्धा फेरा, शिवाय सुई योग्य जागी सरकायला आणखी वेळ. हिशेब केला तर इकडेतिकडे विखुरलेल्या फायली ती सेकंदाला जेमतेम शंभर गोळा करते. विंडोज सुरू होताना लागतात हजारो. प्रोसेसर तोवर हात बांधून बसलेला! एसएसडीत फिरणारं काहीच नसतं, त्यामुळे हे थांबणंच संपतं. जुन्या मदरबोर्डाच्या साटा केबलवर तिला सेकंदाला साडेपाचशे एमबीच्या आसपासच वेग मिळतो, नव्या यंत्रांतल्या एनव्हीएमईच्या तुलनेत तो काहीच नाही. पण तुलना करायची ती आपल्या काल सकाळशी.

म्हणून माझं मत सरळ आहे: खिशात एकाच वस्तूचे पैसे असतील तर एसएसडी घ्या, आणि नवीच घ्या. रॅम मात्र जुनी चालते. डीडीआर थ्री आता मुख्यतः कार्यालयांतून निघालेल्या यंत्रांची मिळते आणि रॅममध्ये झिजण्यासारखं फारसं काही नसतं. जाताना घरची पट्टी काढून खिशात न्यावी, कारण डीडीआर फोरची खाच वेगळ्या जागी असते, ती बसतच नाही. आणि विंडोज ३२-बिटची असेल तर आठ जीबी घालून फायदा नाही, तिला चारच्या वरचं दिसत नाही. हे मला दुकानदारानेच सांगितलं, स्वतःची विक्री बुडवून.

एसएमपीएसमध्ये, म्हणजे यंत्राला वीज पुरवणाऱ्या डब्यात, कंजुषी नको. तो स्वस्तातला असला तर जाताना एकटा जात नाही.

बाकीची डागडुजी फुकटात होते, आणि या शहरात ती लागतेच. समुद्राची खारी, दमट हवा धुळीला चिकटपणा आणते आणि पंख्याच्या पात्यांवर तिचा थर बसतो. रॅमच्या सोनेरी कडा काळवंडल्या की यंत्र नुसतं बीप-बीप करतं. त्यावर इथल्या प्रत्येक मेकॅनिकचं औषध एकच, शाळकरी खोडरबर. प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट दहा वर्षांत सुकून खडूसारखी होते, ती पुसून नवी लावायची. आणि तारीख रोज मागे जात असेल, बँकेची वेबसाइट 'सुरक्षित नाही' म्हणत असेल, तर व्हायरस शोधत बसू नका. मदरबोर्डावरची सीआर २०३२ ही नाण्याएवढी बॅटरी संपलेली असते. घड्याळ दहा वर्षं मागे गेलं की वेबसाइटचं प्रमाणपत्र ब्राउझरला अजून लागूच झालेलं वाटत नाही.

इथवर सगळं स्वस्तात झालं. मोह होतो तो यापुढे. प्रोसेसरही बदलू म्हटलं की नवा प्रोसेसर जुन्या सॉकेटात बसत नाही, म्हणून मदरबोर्ड नवा. त्यावर जुनी रॅम चालत नाही, म्हणून रॅम नवी. आणि २०२५ च्या अखेरीपासून नव्या रॅमचे भाव असे भडकलेत की एआयच्या डेटा सेंटरांनी चिप कंपन्यांचा माल आधीच उचलल्याचा भुर्दंड मैलापूरच्या घरगुती गिऱ्हाइकाला पडतोय. नालासाठी घोडा म्हणतात तो हाच.

हा घोडा घ्यायला लावणारी खरी गोष्ट यंत्रात नाहीच. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप व इंटेलची किमान आठवी पिढी लागते. एसएसडी घातल्यावर माझं यंत्र अर्ध्या मिनिटात उठतं, तरी अधिकृतरीत्या ते भंगार. सुरक्षेचं कारण अगदीच खोटं नाही. पण धडधाकट माणसाला केवळ जन्मसाल बघून घरी बसवावं, तसं हे वाटतं.

मी लिनक्स टाकलं. या शहराला ते परकं नाही: 'बॉस' नावाची लिनक्स प्रणाली पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकच्या चेन्नई केंद्रातच तयार झाली. मी घेतलं ते मिंट, मराठी टायपिंगसकट. हा स्तंभ त्यावरच लिहिलाय. टॅलीवर हिशेब ठेवणाऱ्याला मात्र हे सांगून उपयोग नाही, त्याला विंडोज सुटत नाही.

निघताना दुकानदाराने जुनी हार्ड डिस्क मागितली, थोडे पैसे कापून देतो म्हणाला. मी नाही म्हटलं. फाइल डिलीट केली म्हणजे पुसली जात नाही, आणि त्या तबकडीवर आमचे पॅन कार्डापासून मुलीच्या बारशापर्यंतचे सगळे कागद-फोटो आहेत. त्यांची एक प्रत काढून बाजूला ठेवली, आणि डिस्क त्याच खोक्यात दुसऱ्या केबलला जोडून दिली. एरवी तिचा आवाज येत नाही. कुणी बारशाचे फोटो उघडले की तेवढी कुरकुरते.