पाहुणा गडी

शेजाऱ्याने नवी मोटार आणली, की आपली जुनी सायकल एकाएकी जास्तच करकरू लागते. क्रिकेटच्या शौकिनांचेही तसेच! दुसऱ्या संघाने नामांकित गडी आणला, की सामन्याआधीच आमची मंडळी सुतक धरतात. “संपले! पैशाच्या जोरावर चषक नेणार!”

नागपूरकरांनी तरी असे म्हणू नये. मुंबईचा वसीम जाफर २०१५-१६ च्या मोसमात विदर्भाकडे आला, तो म्हणे ‘अनुभवाचा लाभ’. कर्नाटकाने वगळलेला करुण नायर २०२३ साली आला, ती आपली ‘गुणग्राहकता’. आणि आपला आदित्य सरवटे केरळकडे गेला, की मात्र ‘पळवापळवी’!

सरवटे काही साधा गडी नव्हे. २०१९ च्या रणजी अंतिम सामन्यात त्याने सौराष्ट्राचे ११ बळी टिपले होते. योग पाहा, २०२५ चा अंतिम सामना जामठ्यालाच, समोर केरळ, आणि त्यांच्याकडून सरवटे! त्याने ७९ धावा काढल्या. तरीही पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर चषक विदर्भाचाच झाला. पाहुण्या नायरने ८६ आणि १३५ धावा केल्या, तर घरच्या दानिश मालेवारने १५३. नायर त्याच वर्षी भारताच्या कसोटी संघात परतला.

खेळाडूचे दिवस मोजके असतात; जिथे संधी मिळेल तिथे तो जाणारच. लेक सासरी गेली म्हणून आपण तिचे कौतुक थांबवतो का? मग सरवटेच्या चौकाराला टाळी वाजवताना हात का आखडावा?