दिसणारा उजेड आणि न दिसणारा दाब

जुन्या काचेच्या अंकनळ्या मिळवून त्यांचें घड्याळ करावें, अशी हौस कांहीं विद्यार्थ्यांस असते. बरोज नांवाच्या अमेरिकन कंपनीनें १९५५ सालीं ‘निक्सी’ ह्या नांवानें ह्या नळ्या बाजारांत आणिल्या. नळींत शून्यापासून नऊपर्यंत अंकांच्या आकाराच्या तारा एकामागें एक बसविलेल्या असतात व सभोंवार निऑन वायु असतो. ज्या अंकास वीज मिळेल, तो नारिंगी तेजानें उजळतो. दृश्य मनोहर खरें; परंतु त्यासाठीं सुमारें १७० व्होल्टांचा दाब लागतो.

असल्या प्रयोगास मुलांनीं हात लावूं नये, असें पुष्कळ पालक म्हणतात. त्यांची भीति निराधार नाहीं. रानडुकरांपासून पीक राखण्यासाठीं कुंपणांत वीज सोडल्यामुळें विदर्भांत माणसें दगावलीं आहेत, हें कुहीच्या शेतकऱ्यास सांगावयास नको. तथापि नुसत्या मनाईनें जिज्ञासा मरत नाहीं. ती चोरवाटेनें जाते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० सालीं कार्यान्वित झालेल्या ‘टिफ्रॅक’ गणकयंत्रांत सुमारें २७०० निर्वात नळ्या होत्या व त्यास चित्रनळीहि जोडलेली होती. तें यंत्र आपल्याच देशांतील तरुणांनीं उभारिलें. त्यांस कोणीं विजेपासून दूरच ठेविलें असतें, तर तें कसें झालें असतें?

मग योग्य मार्ग कोणता? घरांतील २३० व्होल्टांच्या विजेस हें यंत्र थेट कधींहि जोडूं नये. बारा व्होल्टांच्या बॅटरीपासून आरंभ करावा. ट्रान्झिस्टर सेकंदास हजारों वेळां प्रवाह चालू-बंद करितो. प्रवाह तुटतांच तारेच्या वेटोळ्यांत सांठलेली शक्ति डायोडमधून कंडेन्सरांत शिरते व तेथें दाब चढतो. तो १७० च्या वर जाऊं नये म्हणून त्याचा अंश मोजून ट्रान्झिस्टरास आवर घालणारी योजना हवीच. नळी पेटल्यावर तिच्यावर सुमारें १४० व्होल्ट राहतात. म्हणून अडीच मिलिअँपिअर प्रवाहासाठीं प्रत्येक नळीस १२ हजार ओहमांचा रोध वेगळा द्यावा. सहा नळ्यांस मिळून अवघे अडीच वॅट लागतात.

परंतु खरा धोका बटण बंद केल्यावर असतो. उजेड मालवतो, पण कंडेन्सरांतील दाब तसाच दबा धरून बसतो. ४.७ मायक्रोफॅरड कंडेन्सरावर ४ लक्ष ७० हजार ओहमांचा रोध कायमचा जोडिला, तर सुमारें अकरा सेकंदांत तो दाब एक-दोन व्होल्टांवर येतो. तरीहि मापकयंत्रानें खात्री केल्यावांचून हात लावूं नये, आणि शिक्षक जवळ नसतां यंत्र उघडूं नये.

आमचें मत स्पष्ट आहे. ‘यंत्र बंद केल्यावर दाब कोठें जातो?’ ह्या प्रश्नाचें उत्तर ज्यास देतां येत नाहीं, त्याच्या हातीं नळी देऊं नये. ज्यास तें समजून देतां येतें, त्यास अडवूं नये. पालकहो, आपल्या पाल्यास हा प्रश्न अवश्य विचारा. आणि विद्यार्थी मित्रहो, उत्तर तयार ठेवा.