पाचशे तीस किलोमीटर आणि दोन दिवस

‘आसेतुहिमाचल’ म्हणताना मुख्यभूमीवरील माणसाचे मन कन्याकुमारीपाशी थांबते. वस्तुतः भारताची भूमी त्याहूनही दक्षिणेस, ग्रेट निकोबार बेटाच्या टोकापर्यंत आहे. या बेटावरील कॅम्पबेल बे आणि अंदमानची राजधानी श्री विजयपुरम (२०२४ पर्यंतचे पोर्ट ब्लेअर) यांमधील हवाई अंतर सुमारे ५३० किलोमीटर. पुणे-हैदराबादपेक्षा किंचित अधिक. डॉर्निअर विमान ते साधारण दीड तासात कापते. वाटेतील बेटांवर थांबत जाणाऱ्या जहाजाला मात्र दोन दिवसही लागतात आणि समुद्र खवळला की तेही सुटत नाही. प्रसूतीसाठी अडलेल्या स्त्रीच्या दृष्टीने हा हिशेब केवळ वेळेचा नव्हे.

कॅम्पबेल बे येथे धावपट्टी आहे. नौदलाचा ‘आयएनएस बाज’ हा तळ २०१२ साली तेथे कार्यान्वित झाला. परंतु सामान्य नागरिकाची मुख्य भिस्त जहाजावर आणि मोजक्या आसनांच्या हेलिकॉप्टरवरच राहिली. १९६९ पासून निवृत्त सैनिकांची कुटुंबे सरकारनेच या बेटावर वसवली. त्यांत पंजाबी होती, तशी मराठीही होती. सीमेवर वस्ती हवी, म्हणून ज्यांना नेले, त्यांच्या जाण्यायेण्याची चिंता कोणी वाहायची?

अडचण खरी आहे, हे मान्य केले पाहिजे. मुख्यभूमीवर एक विमानतळ बंद झाला, तर शेजारी दुसरा असतो. येथे ढगांमुळे उतरता आले नाही, तर वैमानिकाला सुमारे २६५ किलोमीटर मागे, वायुदलाच्या कार निकोबार तळाकडे वळावे लागते. म्हणजे नकाशावर ५३० दिसत असले, तरी इंधन जवळजवळ ८०० किलोमीटरचे आणि वर राखीव घ्यावे लागते. तेवढे प्रवासी कमी होतात. त्यात धावपट्टी आखूड. हा व्यवहार कोणत्याही खासगी कंपनीला परवडणारा नाही. पण मग ‘उडान’ योजना २०१६ साली आखली गेली ती कशासाठी? सुमारे ५०० किलोमीटरच्या, तासाभराच्या प्रवासाला अडीच हजार रुपये, हेच तर तिचे मूळ माप! कानपूरला बनलेले सतरा आसनी डॉर्निअर एप्रिल २०२२ पासून अरुणाचलात पासीघाटला प्रवासी घेऊन उतरू लागले. हिमालयाच्या पायथ्याशी जे जमले, ते समुद्रात का जमू नये?

ग्रेट निकोबारच्या भव्य प्रकल्पात मोठा विमानतळ प्रस्तावित आहे. तो होईल तेव्हा होवो. त्याच्या पर्यावरणीय परिणामांची चर्चाही अवश्य व्हावी. २००४ च्या त्सुनामीत निकोबारच्या जेट्या उद्ध्वस्त झाल्या, तेव्हा आधार आकाशमार्गाचाच होता. सावरकरांना १९११ साली बोटीने अंदमानात आणले गेले. त्यांचेच नाव धारण करणाऱ्या विमानतळावर २०२३ साली नवी वास्तू उभी राहिली. तेथून दक्षिणेकडे निघालेला निकोबारवासी मात्र आजही बहुधा बोटीचीच वाट पाहतो. नौदलाच्या संमतीने आठवड्याला निदान तीन नागरी फेऱ्या, प्रत्येक फेरीत रुग्णासाठी राखीव जागा आणि रिकाम्या आसनांचा तोटा सरकारी तिजोरीतून, एवढी मागणी अवाजवी ठरू नये.