दोष कुत्र्याच्या जातीचा की मालकाच्या हयगयीचा?

१/ पाळीव कुत्र्याने माणसाचा जीव घेतला की चर्चा सुरू होते ती कुत्र्याच्या जातीची. साखळी ज्याच्या हाती असायला हवी होती, तो मालक बाजूलाच राहतो. इतिहासमित्रहो, प्राचीन कायद्यांनी हा प्रश्न आपल्यापेक्षा नेमकेपणाने विचारला होता.

२/ इ.स.पू. अठरावे शतक, मेसोपोटेमियातील एश्नुन्ना हे राज्य. त्याचे कायदे बगदादजवळच्या तेल हरमल येथे मृत्तिकापट्टांवर सापडले. त्यांतील एक कलम असे: कुत्रा चावरा आहे, वस्तीच्या अधिकाऱ्यांनी मालकाला तशी समज दिली आहे, तरीही त्याने तो आवरला नाही आणि त्याच्या चाव्याने माणूस मेला, तर मालकाने ४० शेकेल चांदी भरावी.

३/ धोका, समज, हयगय: अपराधाच्या या तीन पायऱ्या. कुत्र्याच्या जातीचा उल्लेखही नाही. मात्र गौरव करताना पुढची ओळ झाकू नये. मृत व्यक्ती गुलाम असेल, तर दंड अवघा १५ शेकेल.

४/ आपल्याकडे याज्ञवल्क्यस्मृती सांगते: दाढांच्या वा शिंगांच्या प्राण्यापासून माणसाला सोडवणे शक्य असूनही मालक सोडवत नसेल, तर त्याला प्रथम साहस दंड, त्या माणसाने आक्रोश केला असेल, तर दुप्पट. येथेही तोलली जाते ती मालकाची वर्तणूक.

५/ इंग्लंडच्या परंपरागत कायद्यात कुत्र्याचा दुष्ट स्वभाव मालकास ठाऊक होता, हे जखमी माणसाला सिद्ध करावे लागे. १८६५ च्या कायद्याने गुरे आणि मेंढ्यांपुरती ही अट काढली. माणसासाठी ती तशीच राहिली! कायदा कोणाच्या नुकसानीने लवकर जागा होतो, ते येथे दिसते.

६/ १९९१ मध्ये ब्रिटनने पिट बुल टेरियरसह चार जातींवर निर्बंध घातले. कुत्रा बेफाम सोडणाऱ्या मालकाला शिक्षा देणारे कलमही त्यात होते; पण मालकाच्या स्वतःच्या घरात झालेला हल्ला इंग्लंडमध्ये २०१४ पर्यंत त्या कलमाच्या कक्षेबाहेर होता.

७/ काही जातींचा चावा अधिक घातक, म्हणून यादी हवी, हा युक्तिवाद पोकळ नाही. परंतु यादी कुत्रा ओळखते, बेपर्वा मालक ओळखत नाही. एका जातीवर बंदी आली की तोच मालक दुसऱ्या जातीचा कुत्रा आणतो.

८/ मार्च २०२४ मध्ये आपल्या केंद्र सरकारनेही २३ जातींवरील बंदीसाठी राज्यांना पत्र धाडले. कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पुढच्याच महिन्यात रद्द केले. वस्तुतः १८६० च्या दंड संहितेतील कलम २८९ प्राण्याबाबतच्या हयगयीसाठी मालकालाच जबाबदार धरत होते. आज भारतीय न्याय संहितेचे कलम २९१ तेच करते: सहा महिन्यांपर्यंत कैद, ५००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

९/ म्हणजे कायदा आहे. उणीव आहे ती एश्नुन्नाच्या मधल्या पायरीची. पहिल्या चाव्याची तक्रार येताच मालकाला लेखी समज द्या आणि तिची नोंद ठेवा. मग दुसऱ्या चाव्यानंतर ‘मला कल्पना नव्हती’ असे म्हणण्याची सोय कोणालाही उरणार नाही.